एका शेतात दोन धूर

हिरालालने यंदा माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी त्याला म्हटलं, "अरे, मी जन्मभर भाकऱ्या थापल्या. त्यावर काय लिहायचं?" तो म्हणाला, "काकू, तेच लिहा. लोकांना वाटतं, पोरं पुस्तकं वाचून मॅट्रिक होतात." हा हिरालाल आता नंदुरबारला छापखाना चालवतो आणि दिवाळीला अंक काढतो. शाळेत असताना चौकोन आणि शंकरपाळा यांतला फरक त्याला फक्त खाताना कळायचा. हे वाक्य त्याने छापताना गाळलं, तर तो खरंच संपादक झाला असं मी समजेन.

नंदुरबारच्या हायस्कुलात बाहेरगावची मुलं येत. त्यांच्यासाठी चार भल्या माणसांनी एक बोर्डिंग काढलं होतं. त्या बोर्डिंगाची मी स्वयंपाकीण. हात थरथरायला लागेपर्यंत तिथेच होते. मुलं मला काकू म्हणत, मुलांचे बापही काकूच म्हणत. माझं खरं नाव बहुतेक कुणाला माहीत नव्हतं आणि मलाही त्याची फारशी गरज पडली नाही.

बाहेरच्या माणसाला बोर्डिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रत्येक मुलाने घरून शिधा आणायचा. ज्वारी, तुरीची डाळ, मिरच्या, जमलं तर शेंगदाण्याचं तेल. तापीकाठच्या मुलांची पोती बैलगाडीतून येत. डोंगराकडच्या मुलांचं गाठोडं त्यांच्या डोक्यावरून येई. मी सगळं एकत्र करायचं आणि सगळ्यांना सारखं वाढायचं. त्यात कुणाची ज्वारी किडकी, कुणाची डाळ न शिजणारी. एकाची आई दर खेपेला मिरच्यांत खडे घालून वजन वाढवी, आणि मुलगा मात्र सोन्यासारखा होता.

मला ठेवलं होतं ते माझ्या हाताला चव होती म्हणून, असं मला वाटत असे. खरं कारण दुसरं. मी ब्राह्मणाची विधवा, सोवळ्यात स्वयंपाक करणारी. माझ्या हातचं गुजर खाई, मराठा खाई, वाणी खाई, शिंपी खाई. मी मात्र यांतल्या कुणाच्याही हातचं पाणीसुद्धा घेत नसे. सगळ्यांना जी चालते आणि जिला कुणीच चालत नाही, अशी बाई बोर्डिंगाला लागते. माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा माझ्याशिवाय कुणी ओलांडत नसे. आमचे रेक्टर नाना मास्तर, एवढा मोठा माणूस, तेही उंबऱ्याबाहेर उभं राहून, "काकू, आज आमटी जरा पातळ का?" असं विचारत. मी आतून, "डाळ पातळ आली," असं सांगे. संभाषण तिथेच संपे.

या नोकरीत माणूस पोटावरून ओळखायला शिकतो. घरची आठवण आलेला मुलगा पहिली भाकरी पटकन खातो आणि दुसरीशी खेळत बसतो. परीक्षेच्या दिवशी तर निम्म्यांच्या पोटात दुखे. त्यावर माझा एक उपाय होता. आजारी मुलाच्या खोलीपाशी जायचं आणि कुणाला तरी मोठ्याने सांगायचं, "आज संध्याकाळी मांडे करणार आहे, पुरणाचे." खोटा आजारी लगेच मान वर करी. खऱ्या आजाऱ्याला मांड्यांचं नाव ऐकून आणखी मळमळे, मग त्याला मी सुंठ उगाळून देई. डॉक्टर क्वचितच बोलवावा लागला.

आता फुलजीकडे येते. हिरालालला लेख त्याचाच हवा आहे, हे मला ठाऊक आहे.

फुलजी नवापूरकडच्या डोंगराळ गावचा, आदिवासी घरातला. गावाजवळच्या शाळेत सात इयत्ता शिकला आणि तिथल्या मास्तरांनी त्याला हाताला धरून आमच्याकडे आणून सोडलं. आगगाडीत तो त्या दिवशी पहिल्यांदा बसला होता. बोर्डिंगात पोहोचल्यावरही बराच वेळ भिंतीला धरून उभा राहिला, जमीन अजून हलत्येय म्हणाला. त्याच्या गाठोड्यात ज्वारी नव्हती. त्यांच्याकडे ती पिकतच नाही. मूठभर उडीद आणि बाकी सगळी नागली, म्हणजे नाचणी होती.

नागलीचं मी करू काय? सगळ्यांच्या पिठात घालावी तर तापीकाठची मुलं काळ्या भाकरीकडे बघून नाक मुरडत. शेवटी त्याची भाकरी मी वेगळी करायला लागले. ज्वारीच्या भाकरीत माझा हात धरणारं नंदुरबारात कुणी नव्हतं, हे मी गर्वाने सांगते. पण नागलीचं पीठ माझ्या हाती लागलं की त्याला काय होई कोण जाणे. थापताना कडा फाटत, तव्यावर टाकताना दोन तुकडे होत. फुलजीच्या ताटात कायम तुकडेच. तो एका शब्दाने कधी बोलला नाही. ते तुकडे जोडून तो ताटात आधी गोल भाकरी मांडी, मग खाई. मला ते बघून राग येई. स्वतःचाच, पण मी तो त्याच्यावर काढी.

त्याचा शिधा कायम कमी पडे. म्हणून नाना मास्तरांनी त्याला लाकडं फोडण्याचं काम लावून दिलं. पाणी भरण्याचं देता आलं नसतं, त्याच्या हातचं पाणी माझ्या चुलीला चाललं नसतं. लाकडं चालत. तो ती फोडून उंबऱ्याबाहेर रचून ठेवी. मी त्यांवर पाणी शिंपडून आत घेई. हे तो रोज बघत असे आणि मीही रोज त्याच्यासमोरच करत असे. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं आम्हां दोघांनाही वाटलं नाही. निदान मला तरी नाही.

पण त्या लाकूडफोडीची गंमत होती. तो इंग्रजीची क्रियापदं पाठ करत फोडायचा. कुऱ्हाडीच्या एका घावाला 'गो', दुसऱ्याला 'वेन्ट', तिसऱ्याला 'गॉन', आणि ओंडका दुभंगलेला. कठीण क्रियापद आलं की घाव चुकायचा. चुलीची राख मी बाहेर टाकली की ती हाताने सपाट करून तो तिच्यावर काडीने भूमितीच्या आकृत्या काढी. त्याला वही पुरत नसे. हिरालाल तिथेच त्याच्याशेजारी उकिडवा बसून त्रिकोण समजून घेई. पाटलाचा पोरगा आणि राखेत बसलेला! त्याच्या आईने बघितलं असतं तर तिला भोवळ आली असती. मला त्या दोघांचं बोलणं आतून ऐकू येई. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, पण त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती ते मी आजही सांगेन.

फुलजी मॅट्रिकच्या वर्गात होता, त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि तो आलाच नाही. सगळी मुलं आली. लाकडं हिरालाल फोडायला लागला. तो पाच घावांत एक ढलपी काढी आणि मुकाट्याने फोडी. मला स्वयंपाकघरात चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. पिठाच्या डब्याशेजारी नागलीचं मडकं तसंच भरलेलं होतं.

मग एकदा हिरालाल स्टेशनवरून धापा टाकत आला. नवापूरहून सागाचं लाकूड घेऊन येणाऱ्या एका माणसाने त्याला सांगितलं होतं.

"काकू, फुलजी आते येत नही. त्याना बापना पाय मोडना. गाडीमधला ओंडका पडना पायवर. फुलजी एकला भात कापी ऱ्हायना."

नाना मास्तर तिथेच होते. ते मटकन ओट्यावर बसले. मॅट्रिकला बसवण्याआधी शाळेची एक चाचणी परीक्षा होत असे. तीत जो नसेल त्याचा अर्ज शाळा पुढे पाठवतच नसे. ती परीक्षा तोंडावर आली होती. फुलजी आला नाही तर त्याचं वर्ष गेलं, आणि त्याच्या घरच्या परिस्थितीत गेलेलं वर्ष परत येत नाही, हे मास्तरांना आणि मलाही दिसत होतं.

"गावातले लोक मदतीला नाही का येत?" मी आतून विचारलं.

त्याचं कारण मास्तरांना माहीत होतं. त्यांच्याकडे लाहा म्हणून रीत आहे. देशावर इर्जिक म्हणतात तसंच. ज्याचं काम अडलं त्याने हाक द्यायची, सगळा गाव विळे घेऊन येतो, कुणी मजुरी घेत नाही. फक्त येणाऱ्यांना घरधन्याने जेवू घालायचं. "आणि जेवू घालायला घरात धान्य नाही, म्हणून वेस्ताबाबाने हाक दिली नसणार," मास्तर म्हणाले. वेस्ताबाबा म्हणजे फुलजीचा बाप.

हिरालाल म्हणाला, "मंग आपीन जाऊत! आपले हाक कसाले पाहिजे?"

मुलांनी लगेच ते उचलून धरलं. शनिवार-रविवार धरून जायचं, भात कापायचं, फुलजीला घेऊन यायचं. मास्तरही राजी झाले. अडचण एकच होती, आणि ती माझ्याच खात्यातली. ही मुलं डोंगरातल्या माणसाच्या घरी जेवली असं कळलं तर निम्मे बाप दुसऱ्या दिवशी पोरांचे कान धरून घरी नेतील. शिवाय त्या गरिबाच्या घरी एवढी तोंडं घेऊन जायचं म्हणजे मदत की संकट? दोन्ही गोष्टींना एकच तोड होती. काकूंनी सोबत जायचं, पीठ-मीठ इथून न्यायचं, तिथे चूल मांडायची. मला तेव्हा फारच मोठं झाल्यासारखं वाटलं. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही! मी कळशी, तवा, परात बांधून तयार झाले.

नवापूरला गाडीतून उतरून बरंच चालावं लागलं. शेत दिसलं ते नदीच्या अंगाला, उतारावर. भात पिकून पार वाकलेलं. थोडी कापणी झालेली आणि त्या कडेला फुलजी. आम्हांला बघून तो विळा हातात धरून तसाच उभा राहिला. हिरालालने त्याला मिठी मारली, तर हा त्याच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होता. काकू इथे कशा, हे त्याला समजेना.

वेस्ताबाबा मोहाच्या झाडाखाली खाटेवर होता. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. एवढी मुलं आपल्या शेतात उतरलेली बघून त्याचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं. त्याने बायकोला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि ती लगबगीने झोपडीत शिरली. फुलजीची आई. तो तिला याहा म्हणे. उंच, काटक बाई. थोड्या वेळाने ती शेजारच्या वाडीकडे गेली आणि पदराखाली काहीतरी झाकून घेऊन आली. मी बाईमाणूस, मला कळलं, पीठ मागून आणलंय.

मला वाटलं, आपण लवकर हातपाय हलवले तर तिला आणखी मागण्याची वेळ येणार नाही. मी बांधावर तीन दगड मांडले. नदीवरून स्वतः कळशी भरून आणली. काटक्या गोळा केल्या, चूल पेटवली. धूर वर गेला. मला बरं वाटलं. पोरं कापत होती, ज्वारी कापणारे हात भाताला थोडे अडखळत होते, पण हसतखेळत चाललं होतं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "तो धूर कसाना शे?"

सगळे थांबले. फुलजी म्हणाला, "काकू स्वयंपाक करतात, बाबा. पोरांसाठी."

"मन्हा वावरमा दोन धूर कसाले?"

बाजारहाटात शिकलेली त्याची अहिराणी होती, तोडकी, पण एकेक शब्द ठणठणीत. नाना मास्तर पुढे झाले. त्यांनी फार चांगल्या शब्दांत, पुस्तकातल्या मराठीत सांगितलं की आम्हांला तुमच्यावर भार टाकायचा नाही. वेस्ताबाबाने फुलजीला विचारलं, भार म्हणजे काय? फुलजीने खाली मान घालून सांगितलं. म्हातारा एकदाच हसला.

"भार मन्हा शे. तो मी उचलसू. लाहाले उनात ते मन्ही भाकर खावाले पाहिजे. भाकर नही खात ते तुम्ही मजूर शेतस. मजूर ठेवाले मी पाटील नही." मग त्याने हात वर केला. "विळा ठेवा. घर जा. आन मास्तर, पोऱ्यानं नाव काढी टाका."

त्याला आणखी एक गोष्ट कळली होती, ती त्याने बोलून दाखवली नाही. भार नको म्हणून दुसरी चूल मांडली हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं त्याला त्या धुरात दिसलं होतं. तुझ्या हातचं आम्हांला चालत नाही, हे आम्ही त्याच्याच शेतात, त्याच्याच काटक्या जाळून त्याला सांगत होतो.

मुलांनी विळे खाली ठेवले. हिरालाल, दुसरी मुलं, मास्तरसुद्धा, कुणीच वेस्ताबाबाकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. का बघताहेत ते मला समजत होतं. मी खाल्लं, तर जगात कुणाची या मुलांना नावं ठेवण्याची छाती झाली नसती. आणि मी खाल्लं, तर माझ्याजवळ काय उरणार होतं? माझी भाकरी माझ्या सोवळ्यावर चालत होती. मागे ना मूल ना माहेर. मला भीती वाटली, साधी पोटाची भीती, धर्माबिर्माची नंतर.

फुलजीने बापाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग वळला, आणि जिथे सोडलं होतं तिथून एकटाच भात कापायला लागला. आमच्याकडे पाठ करून. तुकडे जोडून भाकरी गोल करणारा हा मुलगा, त्याला आता जोडण्यासारखं काही दिसत नव्हतं. मला ती पाठ बघवेना.

मी कळशी उचलली आणि माझ्या चुलीवर उपडी केली. फस्स झालं, राख उडाली, लुगडं भरलं. मी तशीच चालत याहाच्या चुलीपाशी गेले आणि खाली बसले.

"वाढ बाई," मी म्हटलं. "भूक लागलीय."

तिला मराठी कळली नसेल, पण बसलेलं माणूस कळलं. तिने पळसाचं पान घेतलं, धुतलं, पदराने पुसलं, परत धुतलं. पानावर उडदाची डाळ आणि नागलीची भाकरी. भाकरी अख्खी! कुठे चीर नाही, कडा बांगडीसारख्या गोल. पहिला घास घशाखाली उतरेना हे मी कबूल करते. दुसरा उतरला. डाळीत मीठ बेताचं होतं, ते मी ओळखलं आणि गप्प राहिले. भाकरी मात्र इतकी गोड होती की स्वयंपाकीण म्हणून माझा जळफळाट झाला.

माझ्या मागोमाग हिरालाल येऊन बसला. मग ओळच लागली. वेस्ताबाबा खाटेवर मान फिरवून नदीकडे बघत राहिला.

याहा माझ्यासमोर बसून माझं खाणं निरखत होती. तिलाही बाजारातली अहिराणी थोडी येत होती. हळूच म्हणाली, "मन्हा पोऱ्या सांगस, तुन्ही भाकर तुटस."

म्हणजे हा मुका पोरगा घरी जाऊन माझ्या भाकरीची अब्रू काढत होता! मी फुलजीकडे पाहिलं, तो भाताच्या पेंढीआड लपायला लागला. पोरं इतकी हसली की हिरालालला ठसका लागला. त्या हसण्यात विळे परत कधी चालू झाले ते कळलं नाही. रविवारी सूर्य कलायच्या आत शेत मोकळं झालं. निघताना वेस्ताबाबा मास्तरांना म्हणाला, "आते आमनावर लाहा शे." म्हणजे पुढची पाळी त्यांची. फुलजी दोन-तीन दिवसांनी झोडणी उरकून आला, आणि चाचणीला बसला.

गोष्ट लपणार नव्हतीच. हिरालालनेच घरी फुशारकी मारली असावी, तो आजतागायत नाही म्हणतो. एके दिवशी त्याचे वडील गाडी जुंपून आले. तापीकाठचा मोठा पाटील, आवाज असा की कौलं हलावीत. मुलाचं बोचकं बांधायला सांगून ते माझ्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"काकू, मन्हा पोऱ्यानी तठे खादं का?"

"खाल्लं."

"आन तुम्ही?"

"त्याच्या आधी."

ते मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. मग ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मंग वाढा. सकाळपाईन उपाशी शे." जेवले, ढेकर दिली आणि मुलाला न घेताच गेले. सगळे बाप असे निघाले नाहीत. दोन मुलांना त्यांच्या घरच्यांनी नेलं ते नेलंच. त्यांतल्या एकाचं अक्षर फार सुंदर होतं. त्याची शाळा तिथेच सुटली, याचं मला अजून वाईट वाटतं. बोर्डिंगाच्या मंडळींनी मला काढावं की ठेवावं यावर पुष्कळ चर्चा केली. पण पहाटे उठून एवढ्या भाकऱ्या थापणारी दुसरी मिळेना, म्हणून चर्चाच चालू राहिली आणि मीही.

मला खरा फटका बसला तो उन्हाळ्यात. वर्षाचे बिबडे करायचे असतात. आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड म्हणा. ज्वारी आंबवून, दळून, मोठ्या पातेल्यात घट्ट शिजवायची आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून खाटांवर वाळत टाकायची. गार झाली की थापली जात नाही, म्हणून हे एकटीचं काम नाही. दर वर्षी मुलांच्या आया, शेजारच्या बायका येत, गाणी म्हणत, दोन दिवसांत सगळं आटपे. त्या वर्षी कुणी आलं नाही. एकीला मी बोलावणं धाडलं, तिने अंग दुखतं असं कळवलं. दुसरीचंही नेमकं तेव्हाच दुखायला लागलं. मी एकटीच थोडं शिजवी, थोडं थापी, निम्मं वाया जाई. जून उजाडला, आभाळ भरून यायला लागलं, तरी पोतं अर्धं शिल्लक होतं. फुलजी परीक्षा देऊन घरी गेला होता. निकाल यायचा होता. नाना मास्तर आणि मी, दोघंच त्या रिकाम्या बोर्डिंगात. जेवताना ते निकालाचं बोलत नसत आणि मी बिबड्यांचं.

एका सकाळी सुरतेकडची गाडी गेल्यावर फाटक वाजलं. बघते तर बायकांचा घोळका, कुणाच्या कडेवर मूल, आणि सगळ्यांच्या पुढे याहा. मागे फुलजी. घरी आईकडून ऐकून हिरालालने त्याला कळवलं होतं, काकू एकट्याच थापताहेत म्हणून. याहा आगगाडीतून उतरून आली होती, आणि मुलगा पहिल्या दिवशी उभा होता तशीच भिंतीला हात टेकून जमीन थांबायची वाट बघत होती.

"लाहाले उनूत," ती म्हणाली.

मी नुसतं पातेलं दाखवलं. त्या अंगणात पसरल्या आणि कामाला लागल्या. बिबडे त्यांनी जन्मात केले नव्हते, पण एकदा दाखवलं ते पुरलं. फुलजी लाकडं फोडत होता. आज क्रियापदं नव्हती, नुसते घाव, आणि तेही चुकत होते. मी ओळखलं, त्याचं लक्ष फाटकाकडे आहे.

ऊन चढलं तेव्हा नाना मास्तर टपाल कचेरीकडून येताना दिसले. पळत. धोतराचा सोगा सुटलेला, हातात वर्तमानपत्र. त्या वयात त्यांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. फाटकातूनच ओरडले, "फुलजी! अरे फुलजी, पास!"

फुलजीच्या हातातून कुऱ्हाड गळाली. तो तिथेच लाकडांवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बायकांना काही उमगेना. याहा घाबरून माझ्याकडे धावली. "काय व्हयनं? काय व्हयनं?"

पास म्हणजे काय, हे त्या माउलीला कसं सांगावं? मी तिचे पिठाने माखलेले हात धरले. "तुन्हा पोऱ्यानं वावर कापायनं, बाई," मी म्हटलं. "पूर्ण. एक कणीस राहिलं नाही."

तिला कळलं. ती मुलाकडे गेली नाही, त्याला जवळ घेतलं नाही. लांबून एकदा नीट बघून घेतलं. मग रांजणाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

आता जेवू घालायची पाळी माझी होती. काम माझं, तर चूलही माझी. मी आत जाऊन नागलीचं ते मडकं काढलं, परातीत पीठ घेतलं. मागे वळून पाहिलं तर याहा उंबऱ्यापाशी येऊन थांबली होती. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी ती बरोबर तिथेच थांबली होती. मी काही बोलायच्या आत तिने माझ्या परातीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"सर तिकडे," ती म्हणाली. "मी थापस. तुन्ही तुटस."

आणि माझा उंबरा ओलांडून ती आत आली.